ज्या घरी मी तुम्हाला जाऊ दिलं नाही

शैलाताई,

मुरबाडच्या डॉक्टर मंडळींनी तुमच्यासाठी शोकसभा घेतली. आपले रविवारचे वर्ग जिथे चालायचे, त्याच शाळेच्या सभागृहात. मला बोलायला उभं केलं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, वकिलाला गहिवरून आलं. ते तर होतंच. पण तुमच्याबद्दल बोलायचं म्हणजे जाईच्या घराबद्दल बोलावं लागलं असतं, आणि समोर बसलेले निम्मे डॉक्टर त्या बाबतीत मी जे शिकवलं तेच अजून पाळतात. त्यांच्यासमोर काय सांगावं, हे मला ठरवता येईना. म्हणून इथे लिहितो आहे.

तुमचं शिक्षण कुठे झालं, प्रसूतिगृह कधी सुरू झालं, तालुक्यातली किती मुलं तुमच्या हातावर जन्मली, हे सगळं इतरांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. ते परत नको.

आपली ओळख भीतीमुळे झाली. डॉक्टरही ग्राहक कायद्याखाली येतात असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानंतरचे ते महिने. शहापूर-मुरबाडच्या डॉक्टरांत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे आता पेशंट दगावला की तुरुंग, कुणी म्हणे दवाखान्यावर जप्ती. तेव्हा तुम्ही शहापूरला माझ्या ऑफिसात आलात. मी तिशी नुकती ओलांडलेला, जमिनीच्या वाटपाच्या दाव्यांत बुडालेला वकील. तुम्ही खुर्चीत बसून ओढणीने वारा घेत विचारलंत, "मेडिकलचं काही येतं का तुम्हाला?"

"नाही."

"आम्हाला कायद्याचं येत नाही. म्हणजे जमेल."

तिसऱ्या भेटीत 'तुम्हाला'चं 'तुला' झालं. मी मात्र शेवटपर्यंत तुम्हाला 'तुम्ही'च म्हणत राहिलो आणि लोकांसमोर तुम्ही मला मुद्दाम 'वकीलसाहेब' म्हणून चिडवत राहिलात.

मी मुंबईला एका परिसंवादाला जाऊन आलो, जाड पुस्तकं आणली, आणि रविवारी सकाळी शिकवायला लागलो. टोकावड्याहून, डोळखांबहून, किन्हवलीहून डॉक्टर यायचे. तुम्ही पहिल्या बाकावर बसायच्या आणि समोर मोड आलेल्या वालांचं पातेलं असायचं. रविवारी तुमच्याकडे बिरडं असायचं आणि ते सोलायला दुसरा वेळ नव्हता, असं तुमचं म्हणणं. मी हलगर्जीपणाची व्याख्या सांगतोय आणि तुमच्या बोटांतून एकेक वाल सालीबाहेर पडतोय. तुमचे हात थांबले की मला कळायचं, आता काहीतरी येणार.

किती हसलो आपण त्या वर्गात. संमतीपत्राचं महत्त्व मी फार तळमळीने सांगितलं होतं. पुढच्या रविवारी टोकावड्याचे वयस्कर डॉक्टर मोठ्या समाधानाने म्हणाले, "वकीलसाहेब, माझी तयारी झाली. बाजाराच्या दिवशी जेवढे आले तेवढ्यांचे अंगठे कोऱ्या कागदावर घेऊन ठेवलेत. ज्याला लागेल त्याचा काढायचा."

मी कपाळाला हात लावला. तुम्ही वाल सोलता सोलता म्हणालात, "परवा मी पण आले होते तुमच्याकडे. माझा असेल तर तेवढा परत द्या."

पण संमती म्हणजे काय, हे खरं तर तुम्ही मला शिकवलंत. मी तयार केलेल्या मसुद्यात 'गर्भाशय' होतं, 'गुंतागुंत' होती, 'संभाव्य धोके' होते. तुम्ही तो कागद वाचून दाखवलात आणि विचारलंत, "हे कुणासाठी लिहिलंयस? जजसाठी ना? पाड्यावरच्या बाईला 'पिशवी' म्हण. 'रगत थांबलं नाय तर कल्याणला न्यावं लागल' असं म्हण. तिला कळलं तर ती संमती. नाहीतर तो नुसता अंगठा." तो मसुदा आपण दोघांनी मिळून परत लिहिला. आजही तो दोन तालुक्यांत चालतो. तुमचं नाव त्याच्यावर कुठेही नाही.

माझी मुलगी तुमच्याकडे झाली, तेव्हा सिझेरियनची वेळ आली आणि तुम्ही तोच कागद माझ्यापुढे धरलात. मी सही करून टाकली. तुम्ही कागद घेतला नाही. "वाच आधी." मी म्हणालो, ताई, आत जा हो. "न वाचता केलीस ना? रविवारी सांगते सगळ्यांना." आणि खरंच सांगितलंत. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, म्हणून मीही हसलो. त्या क्षणी मात्र मी वकील नव्हतो, घाबरलेला नवरा होतो, आणि मला फक्त तुमच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं. कागदाकडे नाही. हे मला तेव्हा जाणवलं होतं, तरी त्याचा अर्थ मी लावला नाही.

तुमची एक रीत होती. तुमच्याकडचा पेशंट दगावला, तर दिवसकार्य होण्याआधी तुम्ही एकदा त्या घरी जायच्या. कुणी बोलावलेलं नसायचं. पाड्यापर्यंत गाडी जात नसेल तर पुढे चालत. ओसरीवर बायकांच्यात बसायचं, दिला तर कोरा चहा घ्यायचा, आणि काय झालं ते सांगायचं. काय केलं, काय जमलं नाही, कुठे उशीर झाला, त्यांच्याकडून आणि तुमच्याकडूनही. कुणी रडायचं, कुणी तुम्हाला बोलून घ्यायचं. मग तुम्ही उठून यायच्या. त्या भागात सगळ्यांना हे ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई येतात, हे तिथल्या मरणाच्या रिवाजात जमा झालं होतं.

आणि मी वर्गात उभा राहून सांगितलं की पेशंट दगावला तर घरी जाऊ नका. गेलातच तर उपचाराबद्दल अवाक्षर काढू नका. 'लवकर पाठवायला हवं होतं' असं एक वाक्य तुम्ही सहानुभूतीने बोलाल आणि कोर्टात तोच कबुलीजबाब ठरेल.

तुमचे हात थांबले. "म्हणजे माणूस मेल्यावर आम्ही तोंड लपवायचं?"

"लपवायचं नाही ताई. गप्प राहायचं."

"त्यांना फरक कसा कळणार?"

मागच्या बाकांवर हशा झाला. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, यावरूनच ते किती दमाचं होतं ते कळतं.

जाई टोकावड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. पहिलटकरीण. ऐन उन्हाळ्यात तुमच्याकडे आली. मुलगी झाली, चांगली रडली, आणि नंतर जाईचा रक्तस्राव थांबेना. तुमच्याकडची सगळी औषधं झाली. रक्त मिळायचं ते कल्याणला. जीपमध्ये मागे तुम्ही स्वतः बसलात आणि मूठ आत घालून पिशवी दाबून धरलीत, पूर्ण रस्ताभर. पुढे ड्रायव्हरशेजारी तिचे सासरे, कमळूबाबा. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे जाई गेली. तुम्ही तरी हात काढला नाहीत, असं ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं. तुमचा हात पुढे कित्येक दिवस दुखत होता.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "आमची जाई गेली रे." मी मुरबाडला आलो. जाईचा केसपेपर बघितला. काय दिलं, कधी दिलं, नाडी किती, गाडी कधी सांगितली, सगळं तुमच्या अक्षरात, वर्गात ठरलं होतं तसं नीट लिहिलेलं. मला हायसं वाटलं. माणूस गेलं होतं आणि मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं.

दोन-तीन दिवसांनी मी परत आलो, तर तुम्ही पाड्यावर जायला निघाला होता. पांढरी सुती साडी, पायात चपला, हातात पाण्याची बाटली. मी दारातच तुम्हाला थांबवलं.

"ताई, बसा. जायचं नाही."

"आज जायला हवं. परवा त्यांचं कार्य आहे."

"तरुण बाई गेलीय. पहिली वेळ. कुणीतरी त्यांना तक्रार करायला सांगणारच. तुम्ही तिथे जाऊन म्हणाल, गाडी जरा आधी सांगायला हवी होती."

"मग? हवीच होती की. मला वाटलं थांबेल रक्त. पाच-दहा मिनिटं मी वाट बघितली."

"हेच. हेच तिथे बोलायचं नाही."

"मी गेले नाही तर ते काय समजतील?"

"समजू द्या," मी म्हणालो. "समजणं पुराव्यात येत नाही."

तुम्ही चपला काढल्यात आणि आत गेलात. तुम्ही माझं ऐकलंत, ताई. इतक्या वर्षांत माझा एवढा एकच सल्ला तुम्ही वाद न घालता ऐकलात. तुम्ही थकलेल्या होतात, हात दुखत होता. अजून थोडं भांडला असतात तर मी कदाचित हरलो असतो.

तक्रार आली. ठाण्याच्या ग्राहक मंचापुढे प्रकरण दोनेक वर्षं चाललं. तुमच्या केसपेपरमुळे आपली बाजू भक्कम होती. एका तारखेला मंचाच्या अध्यक्षांनी कमळूबाबांनाच समोर बोलावलं आणि साध्या शब्दांत विचारलं की डॉक्टरांनी नेमकं काय चुकीचं केलं, असं तुमचं म्हणणं आहे?

म्हातारा उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"बाय आल्या नाय."

"कुठे आल्या नाहीत?"

"आमच्या घरी. डॉक्टरीणबाय सगल्यांकडं येतात. कोनाचं मानूस गेलं का येतात, बसतात, सांगतात काय झालं तं. आमच्याकडं नाय आल्या. आमी कार्याच्या दिवशी जेवनं खोलंबून ठेवली, बाय येतील म्हनून. नाय आल्या. म्हंजे त्यांनी कायतरी चुकवलं असल. नायतं कशाला तोंड चुकवतील?"

तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. मी तुमच्याकडे बघितलं नाही. उठून उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. मी म्हणालो, तक्रारदाराने आत्ताच स्वतःच्या तोंडाने स्पष्ट केलं आहे की त्यांची तक्रार उपचाराबद्दल नाहीच. भेटीला न येणं ही सेवेतली त्रुटी होऊ शकत नाही. आमच्या अशिलावर तसं कायदेशीर बंधन नाही.

फार चांगलं बोललो. तक्रार फेटाळली गेली.

आजवर मी तुम्हाला हे म्हणालो नाही, आणि तुम्हीही कधी काढलं नाहीत, पण आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याला तक्रार करायला दुसऱ्या कुणी भरीस घातलं नव्हतं. मी घातलं होतं, तुम्हाला दारात अडवून. आणि मग त्यातून निघालेलं त्याचं दुःखच मी उचललं आणि त्याच्याविरुद्ध वापरलं. कायद्याने त्यात काही गैर नाही. माझ्या अशिलाची बाजू मांडणं माझं कामच होतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

निकालाच्या दिवशी परतताना कल्याणच्या पुढे आपण चहाला थांबलो. मी म्हणालो, "जिंकलो ताई."

"तू जिंकलास."

"आपण जिंकलो."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि बशीत चहा ओतलात. "तू बोललास छान. मला माझीच बाजू पहिल्यांदा एवढी खरी वाटली."

टोमणा होता की कौतुक, मला आजही कळलेलं नाही. बहुधा दोन्ही.

त्यानंतर तुम्ही मला न विचारता त्या पाड्यावर गेलात. पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर पातेल्यावर झाकण ठेवत सांगितलंत. कमळूबाबांनी तुम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "आता कशाला आल्या बाय? कोरटानं सांगितलं ना तुमची चुकी नव्हती." जाईची मुलगी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. तिला तुमच्याजवळ कुणी पाठवलं नाही. त्या घराने पुढे तुमच्या दवाखान्याची पायरी चढली नाही. पाड्यावरची बाकीची माणसं येत राहिली, ते घर तेवढं आलं नाही.

दुसरी कुणी असती तर माझ्याशी बोलणं सोडलं असतं. तुम्ही उलट पुढच्या रविवारी डबाभर बिरडं दिलंत आणि माझं ब्लडप्रेशर बघून मीठ बंद केलंत. माझ्या बायकोला फोन करून मी लोणचं खातो का ते विचारायच्या. पण आपला वाद तिथून खरा सुरू झाला. तुम्ही म्हणायच्या, "वर्गात सांग, जा म्हणून." मी म्हणायचो, "जा म्हणेन, पण तोंड उघडू नका असंही म्हणेन." "मग जाऊन काय करायचं? कुडाच्या भिंती बघायच्या?"

तुम्ही म्हणायच्या की मी डॉक्टरांना भीती शिकवली. अवघड बाई आली की हात न लावता पुढे पाठवतात, कागद तेवढा चोख ठेवतात. मी म्हणायचो, भीतीने का होईना, लिहायला तर लागले. तुमच्या स्वतःच्या लिहिण्यानेच तुम्हाला वाचवलं. तुम्ही हे मान्य करायच्या. "ते तुझं बरोबर आहे. म्हणून तर तुझ्यावर चिडता येत नाही धड."

खरं सांगतो ताई, तुमचं सगळं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. सगळेच कमळूबाबा नसतात. दगड घेऊन दवाखान्यावर येणारी माणसंही मी बघितली आहेत. एका चांगल्या डॉक्टरने कळवळून काढलेले शब्द त्याच्याच गळ्याशी आलेलेही बघितले आहेत. उघड्या तोंडाने जा, असं मी पन्नास डॉक्टरांना कसं सांगू? आपल्या शेवटच्या भेटीत, तुम्ही ओट्यावर शाल घेऊन बसला होता तेव्हा, परत विचारलंत, "पुढच्या वर्गात सांगशील?" मी म्हणालो, "बघू." तुम्ही हसलात. "वकिलाचं 'बघू' म्हणजे पुढची तारीख."

ती तारीख तुमच्याशिवाय आली. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले असतील. समीरचा फोन आला. तोच समीर, तुमच्याकडे उमेदवारी करून आता डोळखांबच्या बाजूला दवाखाना चालवणारा. भातकापणीत एकाला सर्पदंश झाला होता. समीरने इंजेक्शनं दिली, उतार पडेल म्हणून थोडा वेळ ठेवून घेतलं, मग पुढे पाठवलं. तो दगावला. तरणाबांड, घरातला एकुलता मुलगा.

"सर, घरी जाऊ का?" समीरने विचारलं. "ताई असत्या तर त्यांना विचारलं असतं."

मी विचारलं, "लिहून झालंय सगळं? जसं घडलं तसं?"

"हो."

"मग जा. मी येतो बरोबर."

पाड्यावर त्या गेलेल्या मुलाची आई ओसरीवर बसली होती. आम्ही बसलो. समीरने सांगायला सुरुवात केली. साप कोणता असावा, विष कसं चढतं, काय दिलं. तो चांगला सांगत होता, तुमच्या पद्धतीने, छोट्या वाक्यांत. मी प्रत्येक वाक्य ऐकत होतो आणि कोर्टात ते कसं वाचलं जाईल याचा विचार करत होतो. मला दुसऱ्या तऱ्हेने ऐकताच येत नाही. मग तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, मी त्याला तासभर ठेवून घेतलं. मला वाटलं उतरेल. लगेच पाठवायला पायजे होता."

माझा हात त्याच्या गुडघ्याकडे निघाला होता. मी तो परत घेतला.

आईने त्याच्याकडे बघितलं. "मंग जगला असता?"

"सांगता येत नाय. कदाचित."

तिने पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायकांनी तिला धरलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "आन तुमी कोन?"

मला सोपं उत्तर देता आलं असतं. ओळखीचा, नातलग, काहीही. मी म्हणालो, "वकील आहे. डॉक्टरांचा."

तिने मला नीट न्याहाळलं. मग आत बघून म्हणाली, "गो, च्या ठेव दोघांना."

तो चहा मी प्यायलो, ताई. कोराच होता, गूळ जास्त झालेला. तक्रार येईल की नाही, मला माहीत नाही. त्या बाईला तसा हक्क आहे आणि समीरची तशी चूक झालेली असू शकते. आलीच, तर आजचं त्याचं वाक्य समोरचा वकील सगळ्यांत आधी वाचून दाखवेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. केलंच आहे.

परतताना पायवाटेवर मी हे समीरला सांगितलं. काही लपवलं नाही. तो पुढे चालत होता. मागे न बघताच म्हणाला, "माहीत आहे सर. तुमच्याच वर्गाला होतो ना मी."